लाइनमनची भीती कुणाची

मॉरी टेप्लिट्झने आयुष्यात किती लिहिलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. काउबॉय लिहिले, भुतं लिहिली, प्रेमात पडलेल्या नर्सा लिहिल्या, कोट घालून फिरणारी बदकं लिहिली आणि शेवटी लाइनमन लिहिला. या लाइनमनमुळेच लोक अजून मला गाठून मॉरीबद्दल विचारतात. एवढं लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य मात्र लिहिता आलं नाही. पाच शब्दांचं. ते लिहिलं असतं तर लाइनमन मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिला असता. ते त्याने का लिहिलं नाही हे मला ठाऊक आहे, पण ठाऊक व्हायला मला बारा वर्षं लागली. माझी आई म्हणायची, कॉन्चेत्ता चौकश्या जगाच्या करते, पण सरळ प्रश्न म्हणून विचारायची नाही. खरंच होतं ते.

मी कॉन्चेत्ता, म्हणजे सगळ्यांची कॉनी स्पदारो, अक्षरं काढणारी. कॉमिकमधल्या माणसांच्या तोंडाजवळ जे पांढरे फुगे असतात, त्यांतली अक्षरं तेव्हा हाताने काढावी लागत. फुगा काढायचा, शब्द बसवायचे, मग फुग्याला शेपटी काढायची. शेपटीचं टोक ज्याच्याकडे, ते बोलणं त्याचं. वाचणारा शेपटीकडे बघतसुद्धा नाही. पण ती जरा इकडची तिकडे झाली की नवऱ्याचं बोलणं कुत्र्याच्या तोंडी जातं.

आमची कंपनी मॅनहॅटनमध्ये एका जुन्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर होती. मॉरी मात्र वर यायचा नाही. इमारतीच्या तळाला एका ग्रीक माणसाचं कॉफी शॉप होतं, तिथलं मागच्या भिंतीकडचं टेबल हे त्याचं ऑफिस. काम चालायचं ते असं. मॉरी एका कागदावर गोष्ट थोडक्यात लिहून द्यायचा. आमचा चित्रकार व्हर्जिल त्यावरून वीस पानं पेन्सिलने काढायचा. ती पानं खाली मॉरीकडे जायची. मग मॉरी एकेका चौकटीत कोण काय बोलतं ते टाइप करायचा आणि मजकूर माझ्याकडे वर यायचा. म्हणजे माणसं आधी तोंड उघडायची आणि बोलायची नंतर. बाहेरच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. आमच्यात सगळे असंच करायचे.

लाइनमन ही मॉरीचीच कल्पना. विजेच्या खांबावर काम करणारा साधा माणूस, एकदा झटका बसतो आणि तेव्हापासून तो तारांतून शहरभर धावू लागतो. कुठे आग लागली, कुठे चोर सुटले की हा जवळच्या खांबातून बाहेर. पहिले आठ अंक बरे खपले, म्हणजे कुणी तक्रार केली नाही. नववा अंक बाहेर पडला आणि आमचा संपादक गॅफ्नी अकरावं पान हातात धरून माझ्या टेबलाशी आला. मला कामाला लागून तेव्हा चार महिने झाले होते. वय तेवीस.

"हे काय आहे?" त्याने पान आपटलं. शाईची बाटली उडाली ती मी झेलली.

चौकटीत पाण्याची उंच टाकी होती. टाकीच्या शिडीला एक रंगारी लटकलेला आणि त्याला सोडवायला वर आलेला लाइनमन. फुग्यात लिहिलं होतं, 'मला सोडून जाऊ नका. मला उंचीची भीती वाटते.' वाक्य अर्थातच रंगाऱ्याचं. पण व्हर्जिलने रंगाऱ्याचं तोंड रंगाच्या डब्याआड लपवलं होतं आणि लाइनमनचं उघडं काढलं होतं. आणि मी शहाणीने उघडं तोंड बघून शेपटी तिकडे वळवली होती. रोज शंभर फुटांवर चढणारा आमचा वीर थरथरत्या रंगाऱ्याला सांगत होता की मला सोडून जाऊ नका.

"तीनशे पत्रं आलीत," गॅफ्नी म्हणाला. "तीनशे! डेन्व्हरच्या एका दाताच्या डॉक्टरने तर तार केली आहे. लाइनमन घाबरतो का, म्हणून विचारतोय. दात सोडून याला हेच धंदे!"

"ते... रंगाऱ्याचं होतं..."

"रंगारी? तुलाच रंगारी करतो आता. घरी जा आणि भिंती रंगव."

माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते आणि घरात कमावणारी मी एकटी. गॅफ्नीने माझ्या टेबलावरचा फोन ओढून खालच्या कॉफी शॉपचा नंबर फिरवला. मला फक्त त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"मॉरीला दे. मॉरी? नववा अंक, अकरावं पान. या पोरीने तुझ्या वाक्याची वाट लावली आहे, तिला मी आत्ता... काय? काय म्हणालास? तूच तसं लिहिलंस? अरे, तो खांबावर चढतो! कामच आहे त्याचं ते! घाबरतो आणि तरी चढतो? असं कोण करतं?" मग तो सिगार चावत ऐकत राहिला. "बरं. मग पुढच्या अंकात लोकांना नीट समजव. नाही पटलं, तर तू आणि ही, दोघंही घरी."

फोन ठेवून तो माझ्याकडे बघत म्हणाला, "बसलीस काय? अक्षरं काढ."

जेवणाच्या सुट्टीत मी धावत खाली गेले आणि सँडविचची ताटली घेऊन मागच्या टेबलाशी पोचले. मॉरी अंड्याचं सँडविच खात होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, टाय नेहमी शर्टाच्या खिशात कोंबलेला, म्हणजे त्यावर काही सांडायला नको.

"मिस्टर टेप्लिट्झ, तुम्ही..."

"पहिलं म्हणजे मिस्टर टेप्लिट्झ माझे वडील, ते वारले. मी मॉरी. दुसरं म्हणजे बस. तिसरं म्हणजे तुझ्या ताटलीतली लोणच्याची काकडी खाणार नसशील तर इकडे दे."

मी काकडी दिली. "तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"कोण खोटं बोललं?"

"वाक्य रंगाऱ्याचं होतं!"

"छापलंय कुणाच्या तोंडी?"

"लाइनमनच्या."

"मग त्याचंच. जे छापलं ते घडलं."

हे त्याचं एकट्याचं म्हणणं नव्हतं, आमच्या धंद्याचा धर्मच तो. आमचे वाचक सगळं लक्षात ठेवतात. कुणाच्या गालावर तीळ होता, कुणाची काकू कुठल्या अंकात वारली, सगळं. अशा लोकांपुढे 'चूक झाली, माफ करा' असं छापणं म्हणजे आळशी माणसाचं काम. खरा लिहिणारा अशी गोष्ट रचतो की चूक ही चूक राहतच नाही. एकदा व्हर्जिलने घाईत एका दरोडेखोराला सहा बोटं काढली, तर मॉरीने त्या सहाव्या बोटावर अशी गोष्ट लिहिली की ऑफिसातली दोन माणसं रडली. त्यांतला एक व्हर्जिल.

दहाव्या अंकात मॉरीने लाइनमनला घरी नेलं. सकाळची वेळ. खाटेच्या कडेला बसून तो बूट घालतोय आणि हात थरथरताहेत. बायको नाही, कुणी बघत नाही. तो मनाशी म्हणतो, 'पहिल्या दिवशी वाटलं होतं, सवय होईल. सवय झाली नाही. निघायला हवं.' बस. पुढचं पान सुरू, आग, चोर, तारा. ती अक्षरं काढताना माझा हात मध्येच थांबला, ते मला अजून आठवतं. मला वाटलं, हा माणूस माझी चूक झाकायला इतकं चांगलं का लिहितोय?

लोकांनी तो अंक डोक्यावर घेतला. लाइनमन आमच्या सगळ्या पुस्तकांच्या पुढे गेला. दुसऱ्या कंपन्यांचे वीर डोंगर उचलत होते, आमचा सकाळी बूट घालत होता आणि लोकांना तोच हवा होता. गॅफ्नी सगळीकडे सांगत सुटला की कल्पना त्याची. मॉरीने एकदाही नाही म्हटलं नाही. मीही गप्प. पण मनातल्या मनात मी म्हणायची, लेको, ती भीती माझी आहे. माझ्या शेपटीने दिलेली. घरी भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुला चुकल्याचं बक्षीस मिळालं." भाऊ नुकताच पोलिसात लागला होता, त्याला काय कळणार.

त्याआधीचा मॉरी मला त्याच्याच तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळला. युद्धावरून आला, ब्राँक्समध्ये बहिणीच्या खोलीत राहून काउबॉयच्या गोष्टी लिहू लागला. मग त्या धंद्याला उतरती कळा लागली, निम्म्या कंपन्या बुडाल्या. तेव्हा याने चार वर्षं वाढदिवसाच्या कार्डांवरच्या कविता लिहिल्या आणि एका मासिकात 'एलिनॉर फेअरचाइल्ड' या नावाने प्रेमात अडकलेल्या मुलींना सल्ले दिले. स्वतः लग्न केलं नाही. "एलिनॉरने नको म्हटलं," असं सांगायचा.

तो वर का येत नाही याबद्दल ऑफिसात नाना तर्क होते. कुणी म्हणे, गॅफ्नीशी एका टोपीवरून भांडण झालं होतं. कुणी म्हणे, स्वतःला लेखक समजतो, आमच्यासारख्या शाईत हात घालणाऱ्यांत बसायला त्याला कमीपणा वाटतो. व्हर्जिलचं म्हणणं, त्याला तिथलं ॲपल पाय सोडवत नाही. मी आडून आडून विचारायची. "आज तरी वर चल, माझं टेबल बघ." तो म्हणायचा, "तुझं टेबल मला इथून दिसतं. उजव्या हाताला शाई, डाव्या हाताला आळस." मी मुद्दाम एकदा त्याच्या ब्राँक्सच्या घरी गेले, आईने केलेली बिस्किटं द्यायच्या निमित्ताने. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीबाहेर कचऱ्याचे डबे. मी म्हटलं, "तुझं नाव एवढं झालंय, वरच्या मजल्यावर उजेडाची जागा घे की." तो म्हणाला, "डब्यांची सोबत सुटेल." मी हसले आणि निघून आले. बघा, समोर सगळं मांडून ठेवलेलं होतं आणि मी बिस्किटांचा डबा परत मागत होते.

अशी अकरा वर्षं गेली. गॅफ्नी निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीत टेडी लिंडक्विस्ट आला. सव्वीस वर्षांचा, मिनेसोटाचा, केस मानेपर्यंत. आमच्या धंद्यात तेव्हा हे नवीनच सुरू झालं होतं. जे शाळेत असताना पत्रं पाठवून आमच्या चुका काढायचे, तेच मोठे होऊन संपादक बनून येऊ लागले. त्या तीनशे पत्रांत एक टेडीचंही होतं. त्याला लाइनमनचे सगळे अंक तोंडपाठ, मॉरीला नसतील इतके. मॉरीला भेटायला तो पहिल्याच दिवशी खाली गेला आणि तोंडातून शब्द फुटेना म्हणून नुसताच दोन कप कॉफी पिऊन वर आला. पोरगा मनाने चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

पण वर्षभरात एक खेळणी बनवणारी कंपनी आली. तिला लाइनमनचा बाहुला काढायचा होता, सोबत खांब. तिची एकच अट होती. घाबरणारा बाहुला कोण घेणार? मालकांनी टेडीला सांगितलं, दीडशेव्या अंकात लाइनमनची भीती घालवा. टेडी खाली गेला. मीही तिथेच होते.

"शेवटच्या पानावर," टेडी टेबलावर बोटांनी चौकट आखत म्हणाला, "तो शहरातल्या सगळ्यांत उंच मनोऱ्यावर उभा आहे. खाली बघतो. आणि म्हणतो, 'आता मला भीती वाटत नाही.' एवढंच, मॉरी. बाकीचं सगळं तुमच्या मनासारखं."

"आणि नाही लिहिलं तर?"

टेडीचे कान लाल झाले. "तर दुसऱ्याला द्यावं लागेल. पुस्तकच. मी खूप भांडलो, खरंच."

"किती दिवस आहेत?"

"दोन आठवडे."

मला वाटलं, मॉरी कप फेकेल. त्याने ॲपल पाय मागवलं.

दोन आठवडे त्याने काय काय केलं ते मी रोज जेवणाच्या सुट्टीत बघत होते. व्हर्जिलची पानं आली. एकोणीस पानांचा मजकूर तीन दिवसांत झाला, आणि झकास झाला. विसाव्या पानावर लाइनमन हात पसरून मनोऱ्यावर उभा, तोंड उघडं, आणि डोक्यावर फुग्यासाठी सोडलेली पांढरी जागा. त्या पानावर मॉरी अडला. टाइपरायटरमध्ये कागद घालायचा आणि काढायचा.

"अरे, पाच शब्द आहेत," मी म्हटलं. "टेडीने तुला जुळवून दिलेत. तू टाइप कर, मी अक्षरं काढते, लाइनमन तुझा राहतो. तू वाढदिवसाच्या कार्डांवर 'तुझ्यासारखा पुतण्या लाखात एक' लिहिलंस तेव्हा कुठे विचार केला होतास?"

"पुतणे लाखात एक असतातच," तो म्हणाला. "हे बघ कॉनी. माणूस तारेतून कसा धावतो हे मला माहीत नाही. पण ते कुणालाच माहीत नाही, म्हणून मी बिनधास्त लिहितो. भीती गेल्यावर कसं वाटतं, हे मात्र कुणाला तरी माहीत असणार. तो वाचील आणि म्हणेल, या मॉरीला काही कळत नाही. ते कसं असतं ते मला आधी बघायला हवं."

"म्हणजे काय करणार?"

तो छताकडे बघत राहिला. मग टाय खिशातून काढला आणि गळ्यात बांधला. टाय बांधलेलं मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "वर जायला जिना कुठून आहे?"

"लिफ्ट आहे की."

"लिफ्टमध्ये कळत नाही. जिना."

तोवर माझ्या डोक्यात काही आलेलं नव्हतं, शपथ. पहिला मजला तो बोलत बोलत चढला. आमच्या जिन्याला प्रत्येक वळणावर एक उंच खिडकी होती, मागच्या गल्लीकडे उघडणारी. दुसऱ्या मजल्यावर त्याने भिंतीला हात लावला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी तो पाठ भिंतीला घासत, खेकड्यासारखा आडवा सरकत गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तळमजल्यावरची खोली. मागच्या भिंतीकडचं टेबल. बारा वर्षांच्या माझ्या सगळ्या चौकश्या एका क्षणात मातीमोल झाल्या.

"मॉरी," मी म्हटलं, "तू..."

"कागद आहे का तुझ्याकडे? लिही. तोंड कोरडं पडतं हे मी आधी लिहिलंय. हे नवीन आहे, तळपायांना घाम येतो. लिहिलंस?"

मी हातातल्या पाकिटावर लिहिलं, तळपायांना घाम.

चौथ्या मजल्यावर तो पायरीवर बसला. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा पिठासारखा. मी म्हटलं, "पुरे झालं, खाली जाऊ." त्याने मान हलवली. "अजून आहे का ते बघतोय. आहे."

"कधीपासून आहे?"

"आठवतं तेव्हापासून. आम्ही पाचव्या मजल्यावर राहायचो. आई माझ्या डोळ्यांवर तिचा स्कार्फ बांधून मला वर न्यायची. बाराव्या वर्षी म्हणाली, आता मोठा झालास, आपला आपण चढ. मी आतेकडे राहायला गेलो. तिचं घर तळमजल्यावर होतं."

मला हसू आलं आणि रडूही. मी त्याच्याजवळ पायरीवर बसले. जे बारा वर्षं विचारलं नव्हतं ते शेवटी विचारलं. "त्या दिवशी फोनवर तू माझ्यासाठी खोटं बोललास ना?"

"नाही गं. खरं सांगू? तुला कामावरून काढताहेत हे मला गॅफ्नीने दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं तेव्हा कुठे समजलं. अंक मी आधीच पाहिला होता, कोपऱ्यावरच्या स्टॉलवर. अकरावं पान उघडलं. तिथे एक धिप्पाड माणूस, ज्याला सगळं शहर मानतं, तो सरळ सांगत होता. लाज नाही, काही नाही. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कॉनी. वाटलं, चला, सांगून झालं एकदाचं. इतकं बरं वाटलं. मग गॅफ्नी फोनवर म्हणतो, हे चुकीचं आहे. मी म्हटलं, नाही."

मला राग आला. खरा राग. "बारा वर्षं मी उपकार समजून तुला माझी काकडी देत आले!"

"म्हणून तर सांगितलं नाही," तो म्हणाला.

पाचव्यापासून पुढे त्याचा एक हात भिंतीवर आणि एक माझ्या खांद्यावर. नवव्या मजल्याचं दार मी उघडलं आणि ज्या खोलीतून त्याची दीडशे पुस्तकं बाहेर पडली होती, तिथे तो पहिल्यांदा शिरला. व्हर्जिल जागेवर नव्हता, बाकी कुणी ओळखलं नाही. छपाईकडे बघणारा गृहस्थ म्हणाला, "हीटर दुरुस्त करायला ना? मागच्या खोलीत." मॉरीने त्याला "आभारी आहे" म्हटलं. खिडक्यांपासून जमेल तितकं लांब राहून त्याने सगळं पाहिलं. भिंतीवर टाचलेली पानं, व्हर्जिलच्या ब्रशांचा डबा, माझं टेबल. "इतकं लहान?" तो म्हणाला. त्या अवस्थेतही त्याला बघायचं होतं सगळं. मग टेडी आतून आला आणि जागच्या जागी थांबला.

"मॉरी? तुम्ही वर?" मग त्याचा चेहरा उजळला. "वाक्य झालं!"

"नाही झालं. ऐक, टेडी. तू म्हणालास, भीती जाते. मी म्हटलं, बघून येऊ. नऊ मजले चढून आलो. जात नाही. पहिल्या मजल्यावर होती, चौथ्यावर होती, आत्ता तुझ्याशी बोलतोय तरी आहे. पण आलो. हे लिहायचं असेल तर मी आत्ता इथे उभ्या उभ्या लिहून देतो. दुसरं काही मला दिसलं नाही."

टेडी मॉरीच्या बुटांकडे बघत होता. मग म्हणाला, "माझ्या हातात असतं तर..."

"नाहीये. माहीत आहे मला."

"मग कुणाला तरी दुसऱ्याला..."

"दे. तो लिफ्टने आलेला असेल."

कुणी हसलं नाही. उतरताना त्याने डोळे मिटून घेतले आणि मी पायऱ्या सांगत गेले. तळाशी पोचल्यावर त्याने सगळ्यांत आधी टाय सोडला.

दीडशेवं पुस्तक कुणा तरुण मुलाने पुरं केलं. विसावं पान माझ्याच टेबलावर आलं. लाइनमनच्या तोंडाशी फुगा काढून त्यात मी लिहिलं, 'आता मला भीती वाटत नाही.' एकदा मनात आलं, शेपटी दुसरीकडे वळवावी, मनोऱ्यावरच्या कबुतराकडे. वळवली नाही. नोकरी होती, घर होतं आणि मी मॉरीइतकी धीट नव्हते. अक्षरं सुंदर आली. त्याची मला अजून लाज वाटते.

बाहुला चांगला खपला, पत्रंही आनंदाची आली. मॉरी पुन्हा वाढदिवसाच्या कार्डांकडे गेला, पण दर गुरुवारी कॉफी शॉपमध्ये यायचा. अशाच एका गुरुवारी मी पत्रांच्या गठ्ठ्यातून एक काढून त्याच्यासाठी खाली नेलं. टेडीने ते वाचून 'छापू नये' या पेटीत टाकलं होतं. नेब्रास्काहून आलेलं, वहीच्या कागदावर, पेन्सिलने.

'मी वेंडेल ट्रास्क,' असं त्यात होतं. 'वय चौतीस. अकरा वर्षं विजेच्या खांबांवर काम करतो. वर चढण्याआधी पाच मिनिटं ट्रकमध्ये बसून राहतो, सोबत्यांना सांगतो की वायर मोजतोय. बायकोलाही ठाऊक नाही. मुलीच्या पुस्तकांत मला तुमचा लाइनमन सापडला होता. आता त्यालाही भीती वाटत नाही, असं वाचलं. मग मी एकटाच उरलो का? एवढंच विचारायचं होतं.'

मॉरीने ते दोनदा वाचलं. माझ्याकडे पेन मागितलं. आमच्यात लिहिणारे वाचकांना स्वतः उत्तर देत नसत, ते काम कंपनीचं. शिवाय आता त्याचा लाइनमनशी संबंधच उरला नव्हता. अर्धा तास तो लिहीत होता. तीन कागद चुरगळून झाले. मी उचलून बघायला हात पुढे केला तर त्याने हातावर चापट मारली. चौथा कागद त्याने माझ्याकडे सरकवला.

'प्रिय मिस्टर ट्रास्क, नाही. मी आहे.' खाली त्याची सही आणि ब्राँक्सच्या घराचा पत्ता.

मी पाकिटावर वेंडेल ट्रास्कचं नाव काढलं, जमतील तितक्या चांगल्या अक्षरांत, आणि आम्ही दोघं रस्ता ओलांडून ते पत्र पेटीत टाकून आलो.